शब्द दिला, मग नियम फिरवले: ब्रिटनमधल्या एचएसएमपी लढ्याचा प्रकरण अभ्यास

७ नोव्हेंबर २००६ ला ब्रिटनच्या होम ऑफिसने, म्हणजे तिथल्या गृहखात्याने, इमिग्रेशन रूल्समधला एक बदल संसदेपुढे ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी तो लागूही केला. हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्राम, म्हणजे सगळे जिला एचएसएमपी म्हणत ती योजना, तिच्यातून आधीच ब्रिटनमध्ये येऊन स्थिरावलेल्या हजारो लोकांना कळलं की ज्या अटींवर आपण आलो त्या आता उरलेल्या नाहीत. यात सर्वांत मोठा गट भारतीयांचा होता. इंजिनिअर, आयटीवाले, डॉक्टर, अकाउंटंट, स्वतःचा छोटा व्यवसाय थाटलेले असे सगळे त्यात होते. पुढची जवळपास अडीच वर्षं ही मंडळी लढली, लंडनच्या हाय कोर्टात दोनदा गेली आणि दोन्ही वेळा जिंकली.

स्थलांतरितांच्या लढ्यांत इतका स्पष्ट विजय फार क्वचित पाहायला मिळतो, म्हणून तो नीट उलगडून पाहिला पाहिजे. या लढ्याचा विषय निघाला की बहुतेकजण कोर्टाचं कौतुक करतात आणि तिथेच थांबतात. माझ्या मते कोर्टात जाण्याआधीच अर्धी लढाई जिंकलेली होती. लढणाऱ्यांनी आपली मागणी जाणूनबुजून लहान ठेवली, आणि सरकारने स्वतःच छापलेलं एक उत्तर सरकारच्याच पुढ्यात ठेवलं. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या आधाराने उभं राहिलं.

योजना काय होती

एचएसएमपी जानेवारी २००२ मध्ये सुरू झाली. तोवर ब्रिटनमध्ये कामासाठी जायचा मुख्य मार्ग वर्क परमिटचा होता आणि त्याची दोरी कंपनीच्या हातात असायची. या योजनेत नोकरीची ऑफर लागत नव्हती. शिक्षण, अनुभव, आधीची कमाई आणि आपल्या क्षेत्रातली कामगिरी यांचे पॉइंट्स मोजले जात. सुरुवातीला ७५ पॉइंट्स लागायचे, ऑक्टोबर २००३ पासून ६५ पुरे झाले. एकदा आत आलं की नोकरी करा, बदला, स्वतःचा धंदा करा, सगळं चालायचं. पहिला व्हिसा एका वर्षाचा, मग तीन वर्षांचं एक्स्टेंशन, आणि चार वर्षं भरली की आयएलआर, म्हणजे कायम राहायची परवानगी.

एक्स्टेंशनची अट सोपी होती. तुम्ही कमावते आहात, किंवा कमावते व्हायला शक्य ते सगळं केलंत, एवढं दाखवायचं. पॉइंट्सची परीक्षा दाराशीच एकदा झालेली असायची, ती पुन्हा नव्हती.

याच्या बदल्यात सरकारही काही मागत होतं. ब्रिटन हेच आपलं मुख्य घर करायची तयारी आहे, असं अर्जदाराकडून घेतलं जायचं. कागदावर ही एक ओळ होती. पण ती मनापासून पाळायची म्हणजे मायदेशातली चालू नोकरी सोडायची, घर विकायचं नाहीतर भाड्याने द्यायचं, जोडीदाराने आपलं काम अर्ध्यावर टाकायचं, मुलांच्या शाळा बदलायच्या आणि म्हाताऱ्या आई-वडिलांचं काय करायचं हे ठरवायचं. तात्पुरत्या कामाला जाणारा माणूस परतीचं दार उघडं ठेवून जातो. इथे सरकारच ते दार लावून या म्हणत होतं.

आता ते उत्तर. योजनेत सुधारणा झाल्यावर होम ऑफिसने मार्गदर्शिकेत प्रश्नोत्तरं छापली होती. त्यात एक प्रश्न साधारण असा होता: मी आधीच या योजनेतून मंजुरी मिळवली आहे, तर सुधारलेल्या योजनेचा माझ्यावर काय परिणाम होईल? उत्तराचा आशय असा, की काहीही होणार नाही. या योजनेतून एकदा आलात की तुम्ही कायम वास्तव्याकडे नेणाऱ्या गटात आहात, आणि सुधारणा काहीही झाल्या तरी चार वर्षं पुरी झाल्यावर तुम्हाला अर्ज करता येईल.

असं उत्तर छापणाऱ्या अधिकाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. लोकांनी घाबरू नये, यायला कचरू नये, म्हणून ते लिहिलं गेलं. लोक ते वाचून आले.

नेमकं काय बदललं

पहिला धक्का नोव्हेंबरच्या आधी बसला होता. ३ एप्रिल २००६ पासून आयएलआरसाठी लागणारा काळ चारऐवजी पाच वर्षांचा झाला, आणि तो आधी आलेल्यांनाही लागू केला गेला. ज्यांची चार वर्षं भरत आली होती त्यांचं आणखी एक वर्ष वाढलं. त्या एका वर्षात पुन्हा एक्स्टेंशनचा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा गृहकर्ज देणाऱ्या बँकेला समजावणं, आणि मुलांच्या विद्यापीठाच्या फीचा प्रश्न.

नोव्हेंबरचा बदल याहून मोठा होता. आता एक्स्टेंशन मागणाऱ्याने नव्या पॉइंट्सच्या कसोटीवर पुन्हा उतरायचं होतं. लागणार ७५ पॉइंट्स. अनुभवाचे आणि कामगिरीचे पॉइंट्स काढून टाकले. राहिलं ते शिक्षण, गेल्या वर्षभरातली कमाई, वय, आणि ब्रिटनमधल्या कामाचे किंवा शिक्षणाचे ५ पॉइंट्स. शिवाय इंग्रजीची अट आली.

हे आकड्यांत मांडून पाहिल्याशिवाय त्यातला अन्याय डोळ्यांपुढे येत नाही. समजा, ३६ वर्षांचा एक इंजिनिअर आहे. तो २००४ मध्ये मुख्यतः बारा-तेरा वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर आला. नव्या कोष्टकात पदवीचे ३० पॉइंट्स. वयाचे शून्य, कारण ते पॉइंट्स तरुणांसाठी होते. ब्रिटनमधल्या कामाचे ५. झाले ३५. उरलेले ४० कमाईतून आणायचे तर वर्षाला किमान ३५,००० पौंड मिळाले पाहिजेत. आपला इंजिनिअर ३१,००० पौंड मिळवतो. त्याला कमाईचे ३० मिळाले, बेरीज ६५. म्हणजे नापास. आणि नापास याचा अर्थ, ज्या देशाला मुख्य घर करायला सांगितलं होतं तो देश सोडा.

त्याच्या शेजारच्या टेबलावर २७ वर्षांची एक मास्टर्स झालेली मुलगी बसते. तिला पदवीचे ३५, वयाचे २०, ब्रिटनचे ५, म्हणजे ६० झाले. तिला १५ पॉइंट्स हवेत, ते २०,००० पौंडांच्या पगारातही मिळतात. ती पास. तिच्याबद्दल कुणाची तक्रार असायचं कारण नाही. पण ज्याला अनुभव आहे म्हणून बोलावलं, त्याचा अनुभव शून्य धरून त्यालाच वयाचा दंड लावायचा, याला कुठल्याही भाषेत न्याय म्हणत नाहीत.

सर्वांत वाईट अवस्था स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांची झाली. नव्या धंद्यात पहिल्या वर्षी नफा किती दिसतो? योजनेनेच त्यांना धंद्याची मोकळीक दिली होती, आणि आता पगारदाराच्या मापाने त्यांची कमाई मोजली जाणार होती. वर्क परमिटवर जायचं म्हटलं तर त्यासाठी मालक हवा, आणि ज्याने मालक नको म्हणूनच ही वाट धरली त्याला पुन्हा एका कंपनीच्या खुंटीला बांधून घ्यायचं.

त्या वेळच्या बातम्यांत या योजनेतून आलेल्यांचा आकडा सुमारे ४९,००० असा येत होता. यातले नेमके किती अडकणार यावरून मोहीम आणि सरकार यांचं कधीच एकमत झालं नाही. मला तो वाद दुय्यम वाटतो. शब्द दिलेल्यांपैकी किती जणांशी तो मोडला, यावर शब्द मोडणं योग्य की अयोग्य हे ठरत नाही.

मागणी कशी बांधली

अशा वेळी चिडलेल्या माणसांच्या बैठकीत काय होतं हे ज्यांनी संघटनेचं काम केलं आहे त्यांना माहीत असतं. एकजण म्हणतो, नवी पॉइंट्स पद्धतच रद्द करा. दुसरा म्हणतो, हा सरळ वंशभेद आहे, तेच म्हणू या. तिसऱ्याला वयाच्या पॉइंट्सवर लढायचं असतं, चौथ्याला फीवर. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य असतं, आणि सगळं एकाच निवेदनात घातलं की त्यातलं काहीच ऐकू जात नाही.

एचएसएमपी फोरम या संघटनेच्या झेंड्याखाली जी मागणी पुढे आली ती अगदी अरुंद होती. नव्या अर्जदारांसाठी तुम्हाला हवे ते नियम करा, तो तुमचा अधिकार आहे. आम्ही जुन्या अटींवर आलो, आमचा निकाल जुन्या अटींवर लावा.

या अरुंदपणातच मागणीचं बळ होतं. २००४ मध्ये युरोपियन युनियनचा विस्तार झाल्यापासून ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा विषय तापलेला होता. त्या हवेत आणखी लोक येऊ द्या असं म्हणणाऱ्याला कुणी दारात उभं केलं नसतं. पण दिलेला शब्द पाळा, हे म्हणणं इमिग्रेशनला विरोध करणाऱ्या माणसालाही पटतं. सरकारलाही माघारीची वाट राहते: धोरण कायम ठेवूनही जुन्या लोकांना सूट देता येते. समोरच्याला मान न झुकवता मान्य करता येईल अशी मागणी बांधणं हे खरं कौशल्य आहे, आणि आपल्याकडच्या आंदोलनांत ते फार कमी दिसतं.

दुसरा निर्णय कोर्टात कुणी उभं राहायचं याचा होता. होम ऑफिसवर खटला भरायचा आणि त्याच होम ऑफिसकडे आपल्या एक्स्टेंशनची फाइल पडलेली, ही भीती खरी होती. शिवाय इंग्लंडमध्ये हरणाऱ्याला सहसा समोरच्याचा वकिली खर्चही भरावा लागतो. एका पगारदार माणसाने एवढा भार एकट्याने उचलणं शक्य नव्हतं. या खटल्यात वादी म्हणून एचएसएमपी फोरम लिमिटेड ही संस्थाच उभी राहिली. एका व्यक्तीच्या कागदपत्रांतली एखादी उणीव काढून प्रकरण तिथल्या तिथे मिटवून टाकायची सोयही त्यामुळे सरकारला उरली नाही. वाद सगळ्यांच्या अटींबद्दलचा होता आणि तो तसाच राहिला.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना अनेकदा माहीत नसते. भारत राष्ट्रकुलात असल्याने ब्रिटनमध्ये कायदेशीर व्हिसावर राहणारा भारतीय नागरिक तिथल्या संसदीय निवडणुकीत मत देऊ शकतो. नाव मतदार यादीत घालायचं असतं, एवढंच. त्यामुळे व्हिसाच्या अडचणीत सापडलेला भारतीय, पाकिस्तानी किंवा नायजेरियन माणूस खासदाराकडे जातो तेव्हा तो मतदार म्हणून जातो. तिथले खासदार आपल्या मतदारसंघात नियमित भेटीची वेळ ठेवतात, तिला सर्जरी म्हणतात. त्या वेळेत पगाराच्या पावत्या, व्हिसाचं पत्र आणि मार्गदर्शिकेतलं ते पान घेऊन समोर बसलेला माणूस छापील निवेदनापेक्षा कितीतरी जास्त परिणाम करतो.

संसदेचा उपयोग किती झाला

इमिग्रेशन रूल्स बदलायची ब्रिटनची पद्धत मुळातच सरकारच्या सोयीची आहे. १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार गृहमंत्री नियमांतला बदल संसदेपुढे मांडतो, आणि ४० दिवसांत कुठल्याही सभागृहाने नापसंतीचा ठराव केला नाही तर तो राहतो. मंजुरीसाठी मतदान घ्यायची गरज नसते. नोव्हेंबरचा बदल तर मांडला आणि दुसऱ्या दिवशी लागू झाला, चर्चा करायला मधे वेळच नव्हता. तेव्हा गृहमंत्री जॉन रीड होते आणि इमिग्रेशनचं खातं लियाम बर्न यांच्याकडे होतं.

मग दार उघडलं ते एका समितीचं. संसदेच्या दोन्ही सभागृहांची मानवी हक्कांवरची संयुक्त समिती आहे. अँड्र्यू डिस्मोर यांच्या अध्यक्षतेखाली या समितीने ऑगस्ट २००७ मध्ये फक्त या बदलांवर एक स्वतंत्र अहवाल दिला. निष्कर्ष असा होता की हे बदल आधी आलेल्यांना लावणं युरोपियन मानवी हक्क कराराच्या कलम ८ शी, म्हणजे घर आणि कौटुंबिक आयुष्याच्या हक्काशी विसंगत आहे, आणि साध्या न्यायबुद्धीलाही धरून नाही. नियम पुढच्या लोकांसाठीच ठेवा, अशी शिफारस समितीने केली.

सरकारने नियम मागे घेतले नाहीत. समितीची शिफारस बंधनकारक नसते. तरीही मी या अहवालाला फार महत्त्व देतो. त्याआधी हा लढा म्हणजे स्वतःच्या व्हिसासाठी ओरडणाऱ्या लोकांची तक्रार होती. अहवालानंतर सगळ्या पक्षांच्या खासदारांच्या आणि लॉर्ड्सच्या समितीने तपासून दिलेलं मत लढणाऱ्यांच्या हातात आलं. वर्तमानपत्राला द्यायला, खासदाराला दाखवायला आणि वकिलाला आधार घ्यायला यापेक्षा चांगला कागद मिळत नाही.

कोर्टात काय घडलं

खटला ज्युडिशियल रिव्ह्यूचा होता. या प्रकारात कोर्ट सरकारचं धोरण चांगलं की वाईट हे बघत नाही. ते राबवताना सरकार कायद्याने वागलं का, एवढंच बघतं. इथे मुद्दा होता रास्त अपेक्षेचा, ज्याला इंग्लिश कायद्यात लेजिटिमेट एक्स्पेक्टेशन म्हणतात. सरकारी यंत्रणेने स्पष्ट, निःसंदिग्ध शब्दांत एखाद्या गटाला आश्वासन दिलं असेल आणि ते मोडायला पुरेसं सबळ सार्वजनिक कारण नसेल, तर ते मोडणं हा अधिकाराचा गैरवापर ठरू शकतो. १९९९ मध्ये नॉर्थ अँड ईस्ट डेव्हन हेल्थ अथॉरिटीविरुद्धच्या प्रकरणात अपील न्यायालयाने हे तत्त्व पक्कं केलं होतं. तिथे गंभीर अपंगत्व असलेल्या रुग्णांना, हे केंद्र आता कायमचं तुमचं घर आहे, असं सांगून हलवलं होतं आणि नंतर ते केंद्र बंद करायचं ठरलं होतं.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवा. घर हा शब्द दोन्हीकडे आश्वासन देणाऱ्यानेच वापरला होता.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. देशाच्या गरजेप्रमाणे इमिग्रेशनचे नियम बदलता आले पाहिजेत, हे म्हणणं बरोबर आहे. योजनेतून आलेले काहीजण उच्च कौशल्याची कामं करत नाहीत, हाही मुद्दा होता. पण जुन्या योजनेत तशी अटच नव्हती. माणूस कमावता असावा एवढंच म्हटलं होतं. अट स्वतः सैल ठेवायची आणि नंतर ती सैल होती म्हणून लोकांना दोष द्यायचा, हे टिकणारं नव्हतं.

८ एप्रिल २००८ ला सर जॉर्ज न्यूमन यांनी निकाल दिला. मूळ योजनेच्या अटी सरकारने पाळायला हव्यात, जे आधीच योजनेत आहेत त्यांना देऊ केलेले फायदे नाकारायला योग्य कारण दिसत नाही, चांगला कारभार आणि लोकांशी सरळ व्यवहार यांची ती गरज आहे, आणि असं न करणं हा उघड अन्याय व अधिकाराचा गैरवापर ठरेल, असा त्याचा आशय होता. लहान मागणीचं फळ इथे दिसतं. न्यायाधीशांना इमिग्रेशन धोरणाला हात लावावा लागला नाही. ७ नोव्हेंबर २००६ च्या आधी आणि नंतर अशी एक रेष ओढली की काम भागत होतं.

निकाल हातात आल्यानंतर

बहुतेक वृत्तान्त या टप्प्यावर संपतात. खरं तर पुढचं वर्ष तितकंच महत्त्वाचं होतं.

निकाल लागेपर्यंत दीड वर्ष गेलं होतं. काहीजणांना नकार मिळाला होता, काहीजण देश सोडून गेले होते, काहींनी नाइलाजाने वर्क परमिट किंवा दुसरा व्हिसा घेतला होता. यांचं काय? जुलै २००८ मध्ये होम ऑफिसने अंमलबजावणीचं धोरण जाहीर केलं. जुन्या अटींवर एक्स्टेंशनचा मार्ग खुला झाला, आणि नाइलाजाने दुसऱ्या व्हिसावर गेलेल्यांना व देश सोडलेल्यांनाही परत जुन्या वाटेवर यायची सोय ठेवली गेली. हे आपोआप घडत नाही. कोर्ट तत्त्व सांगतं. कुणाला कोणता फॉर्म, कोणत्या तारखेपर्यंत, हे प्रत्येक कलम भांडून घ्यावं लागतं.

पण त्या धोरणात एक गोष्ट नव्हती. आयएलआरसाठी पाच वर्षांची अट तशीच राहिली होती. एक्स्टेंशन जुन्या नियमाने, कायम वास्तव्य नव्या नियमाने, अशी ही तडजोड. थकलेल्या माणसांनी ती स्वीकारली असती तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. घर टिकलं होतं, नोकरी टिकली होती, उरलं होतं एक वर्ष.

संघटना पुन्हा कोर्टात गेली. एप्रिल २००९ मध्ये न्यायमूर्ती कॉक्स यांनी निकाल दिला की ३ एप्रिल २००६ च्या आधी योजनेत आलेल्यांना चार वर्षांनी आयएलआर मिळण्याची रास्त अपेक्षा होती आणि ती पाळली पाहिजे. मार्गदर्शिकेतल्या त्या उत्तरात चार वर्षं हे शब्द अक्षरशः छापलेले होते. पहिल्या विजयावर न थांबता लोक पुन्हा उभे राहिले, याचा मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त आदर वाटतो.

त्याच वर्षी जे हरले

विजयाची कारणं नीट कळायची असतील तर त्याच काळातली डॉक्टरांची प्रकरणं बघावी लागतात. मार्च २००६ मध्ये ब्रिटनने परदेशी डॉक्टरांसाठी असलेली परमिटशिवाय प्रशिक्षणाची सवलत काढून घेतली. हजारो भारतीय डॉक्टर तेव्हा प्लॅब ही परदेशी डॉक्टरांसाठीची परीक्षा देऊन तिथे पोहोचलेले होते. शिवाय आरोग्य खात्याने मार्गदर्शक सूचना काढली की ज्यांच्या व्हिसाची मुदत प्रशिक्षणाच्या मधेच संपते, त्या एचएसएमपीवरच्या डॉक्टरांना युरोपातला योग्य उमेदवार नसेल तरच जागा द्यावी. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची बापियो ही संघटना कोर्टात गेली. इमिग्रेशन रूल्सवरचं आव्हान २००७ मध्ये फेटाळलं गेलं. आरोग्य खात्याच्या सूचनेवरचं आव्हान मात्र अपील न्यायालयात जिंकलं आणि ३० एप्रिल २००८ ला हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, चार विरुद्ध एक मतांनी ते कायम केलं. नियम बदलायचा अधिकार गृहमंत्र्याला होता. आरोग्य खात्याने सूचनेच्या आडून तेच काम करायचं नव्हतं.

मे २००९ मध्ये, म्हणजे कॉक्स यांच्या निकालानंतर काही आठवड्यांत, हाउस ऑफ लॉर्ड्सने एका नायजेरियन डॉक्टरच्या प्रकरणात निकाल दिला. तिने व्हिसाचा अर्ज केला तेव्हा ती पात्र होती. अर्ज पडून असताना नियम बदलले आणि नव्या नियमाने तिला नकार मिळाला. लॉर्ड्स म्हणाले, निर्णयाच्या दिवशी जो नियम असेल तो लागू होणार. नियम आहे तसाच राहील, अशी अपेक्षा केवळ नियम असण्यातून तयार होत नाही.

दोन्ही बाजूंना कष्ट करून आलेली, प्रामाणिक माणसं होती. दोघांवरही मधेच नियम बदलले. एका बाजूला छापील आश्वासन होतं आणि दुसऱ्या बाजूला फक्त त्या दिवशीचा नियम होता. मला हा फरक न्याय्य वाटत नाही. माणसाचं नुकसान तेवढंच असतं. पण कायदा हाच फरक बघतो, आणि लढाईत उतरणाऱ्याने तो पहिल्याच दिवशी समजून घेतलेला बरा.

हे प्रकरण आज का वाचायचं

एचएसएमपीनंतर टियर १ जनरल हा तसाच पॉइंट्सवर चालणारा व्हिसा आला, तो २०११ मध्ये नव्या अर्जदारांना बंद झाला. त्या मार्गाने आलेल्यांना २०१८ च्या सुमारास नवा फटका बसला. आयकर विवरणपत्रातला आणि व्हिसा अर्जातला कमाईचा आकडा जुळत नाही म्हणून इमिग्रेशन रूल्सच्या परिच्छेद ३२२(५) खाली आयएलआर नाकारलं जाऊ लागलं. पुन्हा संघटन झालं, पुन्हा निदर्शनं झाली, आणि एप्रिल २०१९ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवण्याआधी अर्जदाराला तसं सांगून उत्तर द्यायची संधी दिली पाहिजे. तिथेही मागणी साधीच होती: आधी विचारा, मग ठरवा.

आणि आता ब्रिटिश सरकारची इमिग्रेशनवरची १२ मे २०२५ ची श्वेतपत्रिका. कायम वास्तव्यासाठीचा सर्वसाधारण काळ पाचवरून दहा वर्षांवर न्यायचा प्रस्ताव त्यात आहे. २० नोव्हेंबर २०२५ ला सरकारने त्याचा तपशील सल्लामसलतीसाठी जाहीर केला. आधीपासून देशात असलेल्या पण अजून आयएलआर न मिळालेल्यांनाही नवी चौकट लावायचा विचार त्यात मांडला आहे, आणि अशांसाठी संक्रमणकाळाच्या तरतुदी असाव्यात का, हेही विचारलं आहे. २००६ मध्ये चारचे पाच झाले होते. इथे पाचचे दहा होतात.

स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या माणसाने २००८ चा निकाल दाखवून निश्चिंत होऊ नये. त्या निकालाचा पाया म्हणजे एका ठरावीक योजनेच्या मार्गदर्शिकेतलं, सुधारणांचा परिणाम होणार नाही असं सांगणारं वाक्य. आजच्या व्हिसाच्या कागदांत तितकं थेट वाक्य सापडलं तर कोर्टाची वाट मजबूत होते. नाही सापडलं तर नायजेरियन डॉक्टरच्या प्रकरणातला २००९ चा निकाल सरकारचा वकील पहिल्याच सुनावणीत पुढे करेल. म्हणून शोध आत्ताच व्हायला हवा. आपण अर्ज केला त्या तारखेची मार्गदर्शिका, होम ऑफिसची पत्रं आणि ईमेल, मंजुरीचं पत्र, भरतीच्या वेळी सरकारी संस्थांनी वाटलेली माहितीपत्रकं, विशेषतः परिचारिका आणि केअर वर्कर यांना दाखवलेली, हे सगळं तारखेसह जमा करून एका ठिकाणी ठेवलं पाहिजे. संकेतस्थळावरची पानं बदलत राहतात, तेव्हा जुन्या आवृत्त्या आत्ताच उतरवून घ्याव्यात.

कोर्टापेक्षा राजकीय वाट इथे लवकर फळाला येईल असं मला वाटतं, कारण संक्रमणकाळाचा प्रश्न सरकारने सल्लामसलतीत स्वतःच विचारला होता. मागणी पुन्हा एका तारखेची करता येते: अमुक दिवसाआधी या वाटेवर आलेल्यांना पाचच वर्षं. दहा वर्षं बरोबर की चूक, पगाराची मर्यादा किती, फी किती, हे वाद वेगळे ठेवावेत. मतदार यादीत नाव आहे का ते या आठवड्यात तपासावं आणि खासदाराच्या सर्जरीची वेळ घ्यावी. जाताना कुटुंबाचा हिशेब एका पानावर न्यावा: कधी आलो, कुठल्या अटीवर आलो, आजवर कर किती भरला, गृहकर्ज किती आहे, मूल कितवीत आहे, आणि पाचाचे दहा झाले तर यातलं काय मोडतं.